हिरव्या डबीची शिकस्त

समस्त गालवंत, भालवंत व नाकवंत मंडळींस विदित व्हावे ऐसे जे, लढाया जगात पुष्कळ होतात. कोणी राज्यासाठी लढतो, कोणी अब्रूसाठी लढतो, कोणी गाडी लावावयाच्या जागेसाठी लढतो. परंतु आपल्याच गालासाठी, आपल्याच नणंदेच्या डबीशी, आणि तेही नणंदेचे मन न दुखविता लढणे, हा प्रसंग ज्यावर गुदरला त्यासच त्याची कळ ठावी. सबब चष्मेवाल्या वहिनीसाहेबांनी ही मोहीम कैसी मांडिली, कोठे मार खाल्ला, आणि अखेर फत्ते कैसी पावली, ती हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे मीठ न घालता लिहिली असे. चुकोन पडलेच असेल तर ते मीठ प्रमाणित नाही, हे वाचणाराने ध्यानी धरावे.

वहिनीसाहेब म्हणजे कोपऱ्यावरील चष्म्यांच्या दुकानाच्या खासा मालकीण. दुकान लहान, परंतु दरारा मोठा. आतील अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकास उंच खुर्चीवर बसवोन, डोळ्यांपुढे एकामागोन एक काच सरकवोन, हे स्पष्ट की ते स्पष्ट, ऐसे विचारोन त्यांनी भल्याभल्यांकडोन कबुलीजबाब घेतले होते. आणि या धंद्याची रीत ऐसी की कानामागे काडी बसवावयाची, नाकावर चष्मा ठाकठीक करावयाचा, तो गिऱ्हाइकाच्या तोंडापासोन वीतभर अंतरावर आपले तोंड न्यावे लागते. सबब वहिनीसाहेबांचा चेहरा हा नुसता चेहरा नव्हे, तर दुकानाची पाटीच होती.

त्यांचे खावंद लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांस धीर देणे हा त्यांचा पेशा, आणि घरातही दोन पक्षांच्या मध्ये अडकोन राहणे हा त्यांचा स्वभाव. खावंदांची धाकटी बहीण म्हणजे वन्संसाहेब. त्या एकट्या राहत, आणि एका प्रवासी कंपनीत लोकांची तिकिटे काढता काढता त्यांची अर्धी उमर सरली होती. कोणाचे विमान चुकले, कोणाचे सामान भलत्याच मुलखी गेले, तर वन्संनी फोन फिरवावा आणि काम फत्ते व्हावे, ऐसा लौकिक होता. मग एके दिवशी कंपनीने सर्वांस मोठ्या खोलीत बोलाविले, केक कापिला, टाळ्या वाजविल्या, आणि उद्यापासोन येऊ नये ऐसे सांगितले. केक गोड होता म्हणतात.

तेव्हापासोन वन्संसाहेब बहुत दिलगीर होऊन घरात बसल्या. पडदे ओढिले, फोन उचलीनात, केस विंचरीनात. खावंद रोज कामावरोन परतताना त्यांच्या दारी जात, आणि दार उघडले तर चहा घेऊन येत, न उघडले तर दाराशीच बोलोन येत, आणि घरी आलियावर जेवण मुकाट्याने जेवीत. ऐशा समयी कोणा मैत्रिणीने वन्संस हिरव्या डबीची सुभेदारी देवविली. डब्या घ्याव्या, विकाव्या, विकणारे आणखी नेमावे, त्यांनी आणखी नेमावे, ऐसा तो कारभार. आणि काय नवल सांगावे, वन्सं उठल्या, पडदे उघडिले, केस विंचरिले, आणि भावाच्या घरी येऊन हसोन बोलू लागल्या. डबीने एक चमत्कार खरा केला तो हाच. दुसरा केला नाही.

आता त्या डबीचे वर्णन. रंग हिरवा, झाकणावर पान, पानावर दवाचा थेंब, आणि भोवती वळणदार अक्षरांत बिरुदावली: शंभर टक्के नैसर्गिक, परमशुद्ध, ऑरगॅनिक, निसर्गाच्या कुशीतून थेट आपल्या गाली. निसर्गाची ती कूस कोण्या पत्त्यावर आहे, हे मात्र छापणे राहोन गेले होते. पहिली डबी वन्संनी वहिनीसाहेबांस नजर केली आणि फर्माविले की सकाळ-संध्याकाळ लावणे. वहिनीसाहेबांस क्रीमची मातब्बरी नव्हती. परंतु वन्संच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी पाणी सोडोन दुसरे काही चमकत होते, ते पाहोन त्यांनी डबी मस्तकी धरिली, आणि मग गालांस लाविली.

प्रथम लाली आली. वन्संनी हुकूम केला की हे तेज. मग खाज आली. हुकूम जाहला की हे रक्त जागे होते आहे. मग दोन्ही गालफडांवर पुरळाचे तंबू पडले, नाकाच्या दोहों बाजूंस कातडी सोलवटली, हनुवटीवर आग पेटली, आणि वहिनीसाहेबांनी आरशात पाहिले तो आपला मुलूख आपणासच वळखेना. तेव्हा वन्संकडोन तिसरे फर्मान आले की आतले विष बाहेर पडते आहे, हे विजयाचे चिन्ह, सबब मात्रा दुप्पट करणे. गनीम घरात शिरोन पलंगावर पाय पसरोन बसला म्हणजे तो पळावयाच्या तयारीत आहे, ऐसे हे युद्धशास्त्र. वहिनीसाहेबांनी तेही मानिले. मात्रा दुप्पट केली. विषही दुप्पट जाहले.

मग दुकानी फटका बसला. गिऱ्हाइके खुर्चीत मागे सरकू लागली. काही जण, चष्मा आमचा आम्हीच घालतो, ऐसे नम्रपणे सांगू लागले. एके दिवशी एक वृद्ध गृहस्थ, पूर्वी कोठेसे हेडमास्तर होते ते, नवा चष्मा न्यावयास आले. वहिनीसाहेबांनी काडी कानामागे बसविली, काचा पुसोन दिल्या, आणि रीतीप्रमाणे विचारिले की आता कसे दिसते. हेडमास्तरांनी पुष्कळ दिवसांनी जगात स्पष्ट पाहिले, आणि प्रथम जे दिसले ते वहिनीसाहेबांचे मुख.

"चष्मा उत्तम झालाय, बाई," ते म्हणाले. "तुम्ही डॉक्टरांना दाखवलंत का?"

त्या दिवशी वहिनीसाहेबांनी दुकान लवकर बंद केले, आणि अंधाऱ्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसोन, कोणी पाहत नाही ऐसी खातरजमा करोन, रडोन घेतले. अश्रू खारट. ते गालांवर उतरले तो आणखीच झोंबले.

घरी खलबत बसले. वहिनीसाहेबांनी कैफियत मांडिली की डबी बंद करावी. खावंदांनी सर्व ऐकोन घेतले आणि निवाडा दिला की तुझे बरोबर आहे. परंतु तिचेही काही चूक नाही. आणि ती आत्ता कोठे सावरली आहे. आणि तुझा त्रास तर दिसतोच आहे. आणि सगळेच कठीण आहे. इतके बोलोन ते दोन मजल्यांच्या मध्ये स्थिर जाहले. त्याच समयी वन्संचा फोन आला की महिनाअखेरच्या रविवारी आपल्या घरी मोठी बैठक भरविली आहे, पुष्कळ बायका येणार, आणि डबीचा अनुभव सांगावयास खुद्द वहिनी उभ्या राहणार, ऐसे सर्वांस कळवोन चुकले आहे. वहिनीसाहेबांस नाही म्हणावयाचे होते. फोनवर वन्सं गुणगुणत होत्या. नाही हा शब्द ओठांपर्यंत आला आणि परत गेला.

मग वहिनीसाहेब कोणास न सांगता त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात दाखल जाहल्या. बाईंनी दिव्याखाली गाल पाहिले, आणि डबी हुंगोन अशी दूर धरिली की जणू उंदीर शेपटीने धरावा. त्यांनी विष बाहेर पडण्याची उपपत्ती ऐकोन घेतली, आणि हसू आवरोन सांगितले की विष बाहेर पडत नाही, आत चोळले जाते आहे. हे सुगंधी तेलांचे काम. डबी आजच बंद करणे, दिलेले औषध लावणे, आणि पुढे काही लावणेच तर बिनवासाचे व साधे लावणे. वहिनीसाहेबांनी विचारिले की मग ऑरगॅनिक म्हणजे सगळे थोतांड की काय. बाईंनी सांगितले की तसे नव्हे. तो शब्द कोणीही छापितो, परंतु ज्या मालाची शेतापासोन क्रीमच्या नळीपर्यंत तिऱ्हाइताने तपासणी केली असेल, त्यास त्या तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का व क्रमांक मिळतो, आणि तो खरा की खोटा हे संस्थेच्या वेबसाइटवर कोणासही पाहता येते.

"पान बघू नका, नंबर बघा," बाई म्हणाल्या. "आणि नंबर खरा निघाला तरी आधी कोपराच्या आत लावून बघा. तपासलेल्या गुलाबाचीही कोणाला ॲलर्जी असू शकते."

औषधाने आग विझू लागली. परंतु वहिनीसाहेबांच्या मनात दुसरीच पेटली होती. आजवर जे कोणी दिले ते तोंडास लाविले. आता तोंडास जे लागेल ते आपण वाचोन, तपासोन, निवडोन लावू, ऐसी प्रतिज्ञा करोन त्यांनी दुकानातील भिंग पिशवीत घेतले, आणि शहरातील सर्वांत मोठ्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानावर चालोन गेल्या.

ते दुकान म्हणजे दुर्गम किल्लाच. दारी सुगंधाचा खंदक, आत थंड हवा, आणि फळ्यांवर फौज ऐसी उभी की नजर ठरेना. हिरव्या बाटल्यांची पलटण, मातकट डब्यांचे रिसाले, पाने, मधमाश्या, डोंगर, झरे, आणि एका डबीवर तर हसणारी गाय. एक काळ्या कोटातील विक्रेतीबाई तत्काळ चालोन आल्या आणि वहिनीसाहेबांच्या गालांकडे पाहोन बहुत कळवळल्या. इतक्या की येताना चार बाटल्या घेऊनच आल्या.

प्रथम केमिकल-फ्री नामक सरदार पुढे आला. वहिनीसाहेबांनी विचारिले की यात पाणी आहे काय. आहे म्हणाल्या. पाणी हेही रसायनच, ऐसे वहिनीसाहेबांनी सुचविले, तो विक्रेतीबाईंनी पाण्याविषयी दिलगिरी दर्शविली. दुसरा सरदार त्वचातज्ज्ञांनी तपासलेला होता. तपासोन तज्ज्ञ काय म्हणाले, हे मात्र कोठे लिहिले नव्हते. तिसऱ्यावर लिहिले होते की ऑरगॅनिक तेलयुक्त. वहिनीसाहेबांनी उलटी बाजू भिंगाखाली धरिली. अक्षरे ऐसी की मुंगीने शाईत पाय बुडवोन धावत जावे. आणि वहिनीसाहेब, ज्या नित्य लोकांस भिंतीवरील बारीक अक्षरे वाचावयास लावीत, त्या स्वतः एक डोळा मिटोन, मान वाकडी करोन, नाक बाटलीस टेकवोन वाचू लागल्या. ते तेल होते, परंतु यादीच्या अगदी शेपटास, वासाच्याही खाली. एक थेंब शेतातला, आणि बाकीचा समुद्र कोणाचा, ते विचारू नये.

मग एक भारदस्त काचेची बरणी निघाली, जीवर शिक्का होता. गोल, सोनेरी, आत क्रमांक. वहिनीसाहेबांची उमेद वाढली. त्यांनी फोन काढिला, संस्थेच्या वेबसाइटवर क्रमांक घातला, आणि सनद उघडली. सनद खरी होती. परंतु ती होती ओटच्या गोण्यांची, दुसऱ्याच कोणा व्यापाऱ्याच्या नावे. विक्रेतीबाईंनी डोके खाजविले आणि मत दिले की ओट त्वचेस चांगलेच असते. तोतया सिंहासनावर बसोन पकडला जावा आणि दरबाऱ्यांनी म्हणावे की चेहरा तर राजबिंडा आहे, तैसे हे जाहले.

ऐसे एकामागोन एक मोहरे पडले. कोणाची सनद मुदत संपलेली, कोणाचा शिक्का कंपनीने आपला आपणच कोरलेला, कोणाचा क्रमांक जगात कोठेच नाही. वहिनीसाहेबांचे पाय भरोन आले, गाल ठणकू लागले, आणि एकवार मनात आले की खोबरेल लावोन गप्प बसावे. परंतु मग हेडमास्तरांचा तो स्पष्ट दृष्टीचा चेहरा आठवला, आणि त्या खाली वाकल्या, जमिनीलगतच्या फळीकडे, जेथे न खपणारा माल ठेवितात.

तेथे एक क्रीमची नळी पडली होती. पांढरी, कुरूप, पान नाही, दव नाही, गाय नाही. वास काहीच नाही. घटकांची यादी इतकी थोडकी की भिंगासही फार काम उरले नाही. मागे शिक्का, शिक्क्यात क्रमांक. तो फोनमध्ये घातला, आणि सनद उघडली: तीच कंपनी, तोच माल, मुदत शाबूत. वहिनीसाहेब नळी मुठीत धरोन उठल्या. विक्रेतीबाईंनी शेवटचा हल्ला केला की ही कोणी घेत नाही, मॅम, हिला काही लूक नाही. वहिनीसाहेबांनी उत्तर दिले की लूक पुष्कळ पाहिला.

घरी येऊन कोपराच्या आत ठाणे बसविले आणि पहारा केला. खावंद येता-जाता विचारीत की कोपर काय म्हणते. कोपर काही म्हणाले नाही. मग डॉक्टरीणबाईंची अनुमती घेऊन नळीची खासा स्वारी गालांवर दाखल जाहली, आणि गालांनी प्रथमच बंड न करता ती मान्य केली.

आता उरली रविवारची बैठक. वहिनीसाहेबांनी निश्चय केला की सर्वांदेखत वन्संची शोभा करावयाची नाही, परंतु खोटी साक्षही द्यावयाची नाही; सबब लवकर जाऊन एकांतात सांगावे. मोठे सौम्य भाषण त्यांनी पाठ केले, आणि नळी पर्समध्ये टाकोन कूच केले. खावंदांस शेजारोन जादा खुर्च्या आणावयाच्या होत्या, ते मागाहून येणार होते.

वन्संचे दार नुसते लोटलेले होते. बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, मेजावर हिरव्या डब्यांचा मनोरा रचिला होता, आणि आतून नळ वाहत होता. वहिनीसाहेब आत गेल्या. न्हाणीघराचे दार उघडे, आरशापुढे वन्सं. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर मेकअपचा जाड लेप बसला होता. उरलेला अर्धा उघडा होता, आणि तो वहिनीसाहेबांच्या वाईटातल्या वाईट दिवसाहूनही लाल होता. पाठ केलेले भाषण जागच्या जागी गर्दीस मिळाले.

"कधीपासून?" वहिनीसाहेबांनी विचारिले.

वन्संनी आरशातूनच पाहिले. "तुझ्या आधीपासून."

"आणि मला म्हणालात, विष बाहेर पडतंय."

"मलाही तेच सांगितलं होतं डबीवाल्यांनी." वन्संच्या हातातील स्पंज लेपासकट बेसिनमध्ये पडला. "वाटलं, वहिनीला सोसलं तर दोष माझ्या कातडीचा. मग तुझंही तसंच झालं, तर म्हटलं थोडं थांबू. रोज म्हणायचे, आज सांगते, आज सांगते."

वहिनीसाहेबांस राग आला. खरा राग, जो आजवर नळीच्या व सनदीच्या मोहिमेत दडला होता. त्यांनी दुकान सांगितले, मागे सरकणारी गिऱ्हाइके सांगितली, अंधाऱ्या खोलीतील रडणे सांगितले, जे खावंदांसही सांगितले नव्हते. वन्सं नळ बंद करोन, कपडे धुण्याच्या मशीनवर बसोन, खाली मान घालोन सर्व ऐकत होत्या. मग इतकेच म्हणाल्या:

"हे नसलं, तर सकाळी उठून मी करू काय, वहिनी?"

वहिनीसाहेबांनी पर्समधून ती कुरूप नळी काढोन बेसिनच्या काठावर ठेविली.

"सकाळचं उद्या बघू. आज तोंड धुवा. साध्या पाण्यानं. आणि हे आधी कोपरात लावायचं, तोंडाला नाही."

मग बायका जमल्या. वन्सं बाहेर आल्या त्या धुतलेल्या तोंडाने, आणि शेजारी वहिनीसाहेब अर्ध्या बऱ्या जाहलेल्या गालांनिशी, आणि दोघी मनोऱ्यापुढे उभ्या राहिल्या. वन्संनी सांगितले की ही डबी कोणी घेऊ नये, आम्हां दोघींस हे जाहले आहे, आणि ज्यांनी घेतली असेल त्यांची मी माफी मागते. वहिनीसाहेबांनी आजवर पुष्कळ शूर माणसे पाहिली नव्हती. परंतु उघडा गाल घेऊन भरल्या खोलीत उभे राहणे हे शौर्य, इतके त्यांस त्या समयी पटले.

मग कोपऱ्यातील एकीने कबूल केले की आपण डबी उघडलीच नाही, भाचीच्या लग्नात पुढे सरकविली. दुसरीने सांगितले की यजमानांच्या बुटांस उत्तम चकाकी येते. तिसरी म्हणाली की आमच्या दाराची बिजागरी करकर करीत होती, ती हिने कायमची गप्प केली. ऐसा कबुलीजबाबांचा पूर लोटला, आणि वन्सं प्रथम लाजल्या, आणि मग बिजागरीपाशी येऊन त्यांस हसू फुटले, आणि हसताना गाल दुखले म्हणोन त्या गाल धरोन हसल्या.

इतक्यात खावंद खुर्च्या घेऊन घामाघूम दाखल जाहले. इमारतीची लिफ्ट बंद होती. लिफ्ट दुरुस्त करणारा जिन्याने आला. त्यांनी बहिणीचा गाल पाहिला, बायकोचा गाल पाहिला, आणि ज्या पुरुषाने आयुष्यात कोणताच पक्ष धरिला नव्हता, त्याने खुर्च्या खाली ठेविल्या, डब्यांचा मनोरा उतरविला, खोक्यात भरिला, आणि ते खोके उचलोन जिन्याने खाली चालता जाहला.

सभा मोडली नाही. एका बाईने सहज विचारिले की माझ्या मुलीचे परतीचे तिकीट अडकले आहे, कोणी दाद देत नाही, तुम्ही त्या कामात होता ना. वन्संनी फोन घेतला. आवाज बदलला, पाठ ताठ जाहली, पलीकडच्या इसमास तीन ठिकाणी फिरवोन चौथ्या ठिकाणी त्यांनी ऐसा घेरिला की तिकीट शरण आले. त्यावर आणखी एकीस आपले हरवलेले सामान आठवले. यातून वन्संचा पुढे काही कारभार उभा राहील की नाही, हे अद्याप ठरावयाचे आहे. परंतु दुसरे दिवशी सकाळी दहाच्या आत त्यांनी फोन उचलिला, हे खावंदांनी जातीने पडताळोन पाहिले.

कंपनीस डब्या परत धाडिल्या, त्यावर उत्तर आले की एकदा विकलेला माल परत घेत नाही, आणि आपले जीवन निसर्गमय होवो. शुभेच्छा नैसर्गिक होत्या, प्रमाणित नव्हत्या.

येणेप्रमाणे हिरव्या डबीची शिकस्त जाहली, गालांचा मुलूख निष्कंटक जाहला, गिऱ्हाइके खुर्चीत पुन्हा पुढे सरकोन बसू लागली, आणि शिक्का, क्रमांक व कोपर पाहिल्यावाचोन या घरात कोणतेही क्रीम दाखल होऊ नये, ऐसा दंडक पडला. वन्संच्या कोपरानेही नळीस मान्यता दिली, आणि आता त्या येताजाता भावाच्या घरी शिरोन वहिनीचीच नळी लावितात, न विचारता. आणि ती खालपासोन न दाबता दर वेळी बरोबर मधोमध दाबितात, आणि झाकण तैसेच उघडे टाकोन जातात. वहिनीसाहेब ते पाहतात, नळी खालपासोन सपाट करितात, झाकण लावितात, आणि काही एक बोलत नाहीत. या मोहिमेत जी जी फत्ते जाहली, त्यांत हीच सर्वांत बिकट होती, सबब शेवटी नमूद केली असे. मोर्तब.